ठेकेदार निवडताना दराचं पाकीट सगळ्यात शेवटी उघडा

रावेर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. केळीसाठी पॅकहाऊस, प्री-कूलिंगच्या (काढलेलं फळ लगेच गार करण्याच्या) दोन खोल्या आणि एक शीतखोली उभारायची आहे. बांधकाम, कूलिंगची यंत्रणा आणि पॅकिंगचे बॉक्स या तिन्हींसाठी तीन-तीन कोटेशन आली आहेत. काही संचालक म्हणतात की सर्वात कमी दराचंच घ्या, नाहीतर सर्वसाधारण सभेत आणि ऑडिटला तोंड देता येणार नाही. बाकीच्यांना त्या स्वस्त ठेकेदारांची धास्ती वाटते, पण ‘धास्ती वाटते’ हे कारण इतिवृत्तात लिहिता येत नाही. अशा वेळी मागच्या कामावरून माणूस निवडायचा, तर कसा?

पहिली गोष्ट मनाविरुद्ध वाटेल, पण सांगायलाच हवी. हातात आलेली कोटेशन बाजूला ठेवा. दर दिसल्यानंतर गुणांकनाचा तक्ता बनवायला बसलात, तर तो कितीही प्रामाणिकपणे बनवा, कोणाला तरी पुढे आणण्यासाठी बनवल्यासारखाच दिसेल आणि सभेत पहिला आक्षेप तोच येईल. शिवाय ही कोटेशन एकाच वस्तूची नसतात. कूलिंगच्या कोटेशनांत एकाने खोलीच्या भिंतींचं फोम भरलेलं पॅनेल ६० मिमी जाडीचं धरलेलं असतं, दुसऱ्याने १०० मिमीचं. एकाने जनरेटरची जोडणी आणि फरशीखालचं इन्सुलेशन धरलेलं असतं, दुसऱ्याने ‘ग्राहकाच्या कक्षेत’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. अशा तीन आकड्यांत सर्वात लहान आकडा शोधणं म्हणजे तुलना नव्हे. तेव्हा कामाचं एकच वर्णनपत्र तयार करा, सगळ्यांना तेच द्या आणि दोन पाकिटांत नव्याने मागवा. पहिल्या पाकिटात तांत्रिक माहिती आणि मागच्या कामांची यादी, दुसऱ्यात फक्त दर. जुने तिघं आहेतच, आणखी दोन-तीन जणांना बोलवा.

त्याआधी अनुदानाची फाईल उघडून बघा. तुमच्या मंजुरीपत्रात किंवा कर्जाच्या अटींत खरेदीची पद्धत लिहिलेली असेल, तर तीच पाळावी लागते. केंद्राच्या वित्त मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये काढलेल्या सूचनांनी सरकारी कामांतही दरासोबत गुणवत्तेला वजन देण्याची वाट ठरावीक अटींवर मोकळी केली, मात्र ते वजन ३० टक्क्यांच्या वर जाऊ नये अशी मर्यादा घातली. स्वतःच्या पैशातून होणाऱ्या खरेदीत उत्पादक कंपनीला ही मर्यादा लागू होत नाही, पण आधार म्हणून ती दाखवता येते. तुमच्या योजनेत ‘पात्र ठरलेल्यांपैकी सर्वात कमी दर’ हीच अट असेल, तरी हातपाय बांधले जात नाहीत. तेव्हा मागच्या कामाची कसोटी पात्रतेच्या अटीत आणि वर्णनपत्रात घालायची. जो त्या कसोटीला उतरत नाही, त्याचं दराचं पाकीट न उघडता परत जातं.

आता कूलिंगकडे येतो, कारण सर्वात मोठं नुकसान इथेच होतं आणि कोटेशनमध्ये ते दिसत नाही.

कोटेशनवर ‘८ टीआर’, ‘१० टीआर’ असे आकडे असतात (टीआर म्हणजे टन रेफ्रिजरेशन, यंत्राच्या गार करण्याच्या क्षमतेचं माप) आणि संचालक टीआरला भागून दर काढतात. पण टीआर कोणत्या बाहेरच्या तापमानाला मोजले, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. बरेच कॅटलॉग बाहेर ३५ अंश धरून क्षमता देतात. रावेर, यावल, भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि पत्र्याच्या शेडजवळ, भिंतीला चिकटून बसवलेल्या कंडेन्सरला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाला) मिळणारी हवा त्याहून गरम असते. त्या हवेत तेच यंत्र कॅटलॉगपेक्षा बरंच कमी काम करतं, दाब वाढून आपोआप बंद (ट्रिप) होतं, आणि हे नेमकं कापणीच्या ऐन दिवसांत, दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान होतं. म्हणून वर्णनपत्रात टीआर मागूच नका. असं मागा: ‘१० टन केळी, गराचं तापमान ३५ अंशांवरून १४ अंशांवर, १० तासांत, बाहेर ४५ अंश असताना.’ याचं गणित सोपं आहे. केळीची विशिष्ट उष्णता, म्हणजे एक किलो केळी एक अंशाने गार करायला काढावी लागणारी उष्णता, सुमारे ३.५ किलोज्यूल धरली, तर १०,००० किलो गुणिले ३.५ गुणिले २१ अंश, म्हणजे ७,३५,००० किलोज्यूल. १० तासांत हे काढायचं तर सरासरी २०.४ किलोवॅट, म्हणजे ५.८ टीआर फक्त फळातली उष्णता काढायला लागतात. त्यावर पंखे, दरवाजा, भिंती, फळाच्या श्वसनाची उष्णता आणि थोडी राखीव क्षमता. एवढ्या कामाला ‘६ टीआर पुरेल’ असं कोणी लिहून दिलं, तर त्याच्याकडून हिशेब लेखी मागा. जो हिशेब देऊ शकत नाही, त्याला तांत्रिक गुण कमी का दिले याचं कारण तुमच्या फाईलमध्ये आपोआप तयार होतं.

गणित करून पाहिलं की आणखी एक गोष्ट कळते. ३०० चौरस मीटर पॅनेल धरलं आणि आत-बाहेर ३१ अंशांचा फरक धरला, तर ६० मिमी आणि १०० मिमी पॅनेलमध्ये आत येणाऱ्या उष्णतेचा फरक दीड किलोवॅटच्या आसपास निघतो. फळाच्या २० किलोवॅटपुढे तो लहान आहे. म्हणजे प्री-कूलिंगच्या खोलीत पॅनेलच्या जाडीवरून वाद घालण्यापेक्षा यंत्राची खरी क्षमता आणि हवेचा झोत तपासा. शीतखोलीत मात्र फळ आधीच गार होऊन येतं, तिथे भिंतीतून येणारी उष्णता हाच मोठा भाग असतो. तिथे जाडी, सांधे आणि दरवाजाचं रबर यांना महत्त्व द्या. जाडीपेक्षा पॅनेलमधल्या फोमची घनता जास्त वेळा मारली जाते. ४० किलो प्रति घनमीटर असं लिहिलेलं असतं, पण बघतं कोण? आलेल्या मालातून १० सेंमी बाय १० सेंमीचा तुकडा कापा, दोन्ही पत्रे काढा आणि सोनाराच्या काट्यावर तोला. फोम १० सेंमी जाड असेल तर ४० ग्रॅम, ८ सेंमी असेल तर ३२ ग्रॅम भरायला हवा. १० सेंमीचा तुकडा ३० ग्रॅमच भरला, तर फोमचा चौथा हिस्सा मारला गेलाय, लॉट परत. ही चाचणी घेतली जाईल असं वर्णनपत्रात आधीच लिहा. वाचूनच काही जण दर बदलतात.

मागचं काम तपासताना ‘समाधानकारक काम पूर्ण केले’ अशी प्रमाणपत्रं सगळ्यांकडे असतात, त्यांना फारसे गुण देऊ नका. प्रमाणपत्र बहुतेक वेळा संबंध तोडायला किंवा टिकवायला दिलेलं असतं. त्याऐवजी गेल्या पाच वर्षांतल्या सगळ्या कामांची यादी मागा, निवडक नव्हे, आणि त्यातली कोणती तीन बघायची हे तुम्ही ठरवा. एक वर्षाच्या आतलं, एक तीन वर्षांहून जुनं आणि एक तुमच्या कामाशी सर्वात मिळतंजुळतं. जुनं काम बघणं फार महत्त्वाचं, कारण पहिल्या वर्षी सगळीच यंत्रं चालतात.

भेटीला गेल्यावर मालकाशी चहा घ्या, पण प्रश्न विचारायचे ते खोल्या चालवणाऱ्या ऑपरेटरला. शेवटचा बिघाड केव्हा झाला? फोन किती वाजता केला आणि माणूस किती वाजता आला? गॅस किती वेळा भरला? (वर्षातून दोनदा गॅस भरावा लागत असेल तर पाईपच्या जोडकामात गळती आहे, ते ‘मेंटेनन्स’ नव्हे.) मे महिन्यात दुपारी यंत्र बंद ठेवावं लागतं का? मग डोळ्यांनी बघा. पॅनेलच्या सांध्यावर पाण्याचे थेंब किंवा काळी बुरशी, खोलीतली हवा गार करणाऱ्या (बाष्पीभवक) कॉइलवर एकाच बाजूला जमलेला बर्फ, दरवाजाच्या फटीत घातलेला कागद सहज निघून येतो का, ड्रेनच्या पाईपखाली ओल. तापमानाची नोंदवही मागा आणि नोंद रोज एकसारखीच ‘१३.५’ असेल, तर ती यंत्र बघून लिहिलेली नाही. शक्य झालं तर मे आणि डिसेंबरचं वीजबिल बघा. स्वतःचा प्रोब थर्मामीटर घेऊन जा आणि परवानगीने दरवाजाजवळच्या, मधल्या आणि मागच्या बॉक्समधल्या केळीच्या गरात खुपसून तापमान घ्या. तिन्ही ठिकाणी एका अंशाच्या आत फरक असेल तर हवेचं वाटप चांगलं आहे. मागच्या कोपऱ्यात ११-१२ अंश आणि दरवाजाजवळ १६ असेल, तर मागच्या केळीला थंडीचा चटका बसून साल पिकताना राखाडी, काळपट पडेल आणि पुढची वाटेत पिकायला लागेल. केळीला १३ ते १४ अंशांची इतकी अरुंद पट्टी लागते, म्हणूनच ‘बटाट्याचं कोल्ड स्टोरेज बांधलंय’ हा अनुभव इथे अर्धाच धरावा.

भेटीला किमान तीन संचालक जा आणि परतताना गाडीत चर्चा करू नका. प्रत्येकाने आपापल्या कागदावर गुण आणि एका ओळीत कारण लिहायचं, मग कागद एकत्र ठेवायचे. चर्चा आधी झाली की जो मोठ्याने बोलतो त्याचेच गुण सगळ्यांचे होतात.

गुण देताना ‘उत्तम, चांगले, बरे’ असे शब्द टाळा. कशाला किती, हे आधीच लिहा. विलंबासाठी १५ गुण ठेवले असतील तर असं: तपासलेल्या तीन कामांत कार्यादेशातल्या मुदतीपेक्षा सरासरी १० टक्क्यांच्या आत उशीर, १५ गुण; १० ते ३० टक्के, ८ गुण; त्यापुढे शून्य. मालकाने पैसे थकवल्याने झालेला उशीर वगळायचा, पण त्याचा कागद ठेकेदाराने दाखवायचा. सेवेसाठी: तक्रारीनंतर चार तासांच्या आत तंत्रज्ञ जागेवर, पूर्ण गुण; त्याच दिवशी, निम्मे; दुसऱ्या दिवशी, शून्य. प्री-कूलिंग खोलीत १० टन माल असताना यंत्र बंद पडलं, तर जळगाव-भुसावळला राहणारा तंत्रज्ञ दोन-अडीच तासांत तुमच्या तालुक्यातल्या सावद्याला पोचतो. पुण्या-मुंबईहून माणूस निघेपर्यंत दिवस जातो. कंपनी किती मोठी, यापेक्षा तिचा माणूस आणि सुटे भाग कुठे आहेत, हा प्रश्न मोठा आहे. गावाकडच्या फीडरवर व्होल्टेज खालीवर होतं, फेज जाते. त्यापासून संरक्षण कसं दिलंय यालाही स्वतंत्र गुण ठेवा.

आता दर आणि गुण एकत्र कसे करायचे. समजा तिघांचे आकडे असे आले. अ चा दर ३८ लाख, तांत्रिक गुण ६२. ब चा दर ४२ लाख, गुण ८४. क चा दर ४६ लाख, गुण ८८. किमान पात्रता ६० गुणांची, म्हणून तिघंही आत. दराचे गुण काढताना सर्वात कमी दर भागिले त्याचा दर गुणिले १००: अ ला १००, ब ला ९०.४८, क ला ८२.६१. दराला ६० आणि गुणवत्तेला ४० वजन दिलं, तर अ ची बेरीज ८४.८, ब ची ८७.८९ आणि क ची ८४.७७. ब येतो. पण वजन ७० आणि ३० केलं, तर अ ८८.६ आणि ब ८८.५३, सात शतांशांनी अ पुढे जातो! म्हणून वजन किती, हे दराची पाकिटं उघडण्याआधी मंडळाच्या ठरावात आलंच पाहिजे. नंतर ठरवलं, तर निकाल वजनाने लागतो आणि वजन कोणी ठरवलं हाच प्रश्न उरतो.

पण एवढ्यावर थांबू नका. या तक्त्यात अजून वीज नाही. ३८ लाख हा यंत्र विकत घेण्याचा खर्च आहे, चालवण्याचा नव्हे. प्रत्येकाकडून वर्षाचा वीजवापर, ठरलेला माल आणि ठरलेले दिवस धरून, युनिटमध्ये लेखी मागा. समजा अ ने १,२०,००० युनिट लिहिले, ब ने ९६,००० आणि क ने ९४,०००. युनिटला ९ रुपये आणि सात वर्षं धरली, तर अ ची वीज ७५.६० लाख, ब ची ६०.४८ लाख, क ची ५९.२२ लाख. यंत्राच्या किमतीसह अ ११३.६० लाख, ब १०२.४८ लाख, क १०५.२२ लाख. म्हणजे चार लाखांनी स्वस्त वाटणारा अ सात वर्षांत अकरा लाखांनी महाग. दराच्या रकान्यात हाच एकूण खर्च घाला. मग ‘सर्वात कमी’ म्हणणाऱ्या संचालकांचाही आग्रह पाळला जातो, कारण खर्चाने सर्वात कमी आता ब आहे. तुमच्या वीजबिलातला खरा दर आणि खोल्या खरोखर किती दिवस चालणार हे मात्र स्वतः घाला. खोल्या वर्षातून चारच महिने चालणार असतील तर विजेचा फरक आटतो आणि निकाल बदलू शकतो.

कोणीही कमी युनिट लिहून देईल, ही शंका रास्त आहे. म्हणून तो आकडा करारात घाला आणि कूलिंगला वेगळा सबमीटर बसवून घ्या. चाचणीत वापर ५ टक्क्यांहून जास्त निघाला, तर जादा युनिटची सात वर्षांची रक्कम शेवटच्या बिलातून कापली जाईल, असं कलम ठेवा. आणि शेवटचे १० टक्के मे महिन्यातली पूर्ण भरलेल्या खोलीची चाचणी उतरेपर्यंत देऊ नका. डिसेंबर-जानेवारीत घेतलेली चाचणी खानदेशात काहीच सिद्ध करत नाही. तेव्हा पहाटे बाहेरच १०-१२ अंश असतात. ठेकेदार म्हणेल, मे महिन्यापर्यंत पैसे अडकतात. त्याचं म्हणणं बरोबर आहे. बँक गॅरंटी घेऊन पैसे सोडता येतात, ती तयारी ठेवा.

बांधकामाच्या ठेकेदाराचं स्वस्त कोटेशन वेगळ्या वाटेने महाग होतं. आपल्याकडे तापीकाठी काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटते आणि तिच्यावर थेट टाकलेली फरशी दोन वर्षांत उचलते. खोदून काळी माती काढून मुरूम भरायचा असतो, आणि खड्डा उघडल्याशिवाय ती किती खोल आहे हे नक्की कळत नाही. अंदाजपत्रकात मुरूम २०० घनमीटर लिहिला आणि प्रत्यक्षात ४५० लागला, असं सहज होतं. अनुभवी ठेकेदाराला हे ठाऊक असतं. तो जे वाढणार त्याचा दर चढा ठेवतो, जे घटणार त्याचा उतरता, आणि बेरजेत सर्वात खाली येतो. समजा अ ची बेरीज ब पेक्षा ६०,००० रुपयांनी कमी, पण मुरुमाचा दर अ चा १,१५० आणि ब चा ८००. जादा २५० घनमीटरचे अ ला २,८७,५०० द्यावे लागतील, ब ला २,००,०००. फरक ८७,५००. स्वस्त असलेला अ शेवटी २७,५०० रुपयांनी महाग पडला. म्हणून बेरीज बघण्याआधी एकेका बाबीचा दर शेजारी शेजारी ठेवा आणि ज्या बाबी वाढू शकतात त्या वाढवून बेरीज पुन्हा करून बघा. त्याहून चांगलं म्हणजे निविदेआधीच जागेवर तीन-चार ठिकाणी जेसीबीने खड्डे घेऊन काळ्या मातीची खोली मोजा. त्या एका दिवसाच्या भाड्याने पुढचे बरेच वाद वाचतात.

कोणाचा दर अंदाजपत्रकाच्या फारच खाली, समजा २० टक्क्यांनी, आला तर लगेच नाकारू नका आणि लगेच खुशही होऊ नका. मोठ्या बाबींची दरपृथक्करणं मागा: सिमेंट किती पोती, सळई किती किलो, मजुरी किती, मशिनरी किती. कधी त्याच्याकडे स्वतःचं सेंट्रिंगचं सामान असतं, जवळच दुसरं काम चालू असतं, आणि दर खरोखर परवडतो. उत्तर पटलं नाही, तर वाढीव अनामत घेऊनच काम द्या. सार्वजनिक बांधकामाच्या निविदांतही अशी पद्धत आहे.

त्याची जुनी कामं बघायला पावसाळ्यातच जा. पत्र्याच्या स्क्रूखालची गळती, प्लिंथच्या भोवतीची भेग, पुरेसा उतार नसल्याने साचलेलं पाणी, जोर लावल्याशिवाय न उघडणारं वाकडं शटर, ही सगळी जुलै-ऑगस्टमध्ये दिसतात. बिलाच्या नोंदीत कार्यादेशाची तारीख, अंतिम बिलाची तारीख आणि ‘एक्स्ट्रा आयटम’ची एकूण रक्कम, हे तीन आकडे मिळवा. मूळ रकमेच्या तुलनेत एक्स्ट्रा आयटम किती टक्के निघाले, हा त्या ठेकेदाराचा स्वभाव सांगणारा सर्वात खरा आकडा आहे. काम चालू असताना १२ मिमी सळईचा एक मीटर तुकडा तोला, तो ०.८८८ किलो भरायला हवा आणि सहा टक्क्यांहून जास्त कमी असेल तर ती सळई परत. काँक्रीटची ताकद तपासायचे क्यूब (ठोकळे) आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे, स्लॅबच्या दिवशी, तुमच्या माणसासमोर भरा आणि ओल्या क्यूबवरच तारीख कोरा. ठेकेदाराने परस्पर प्रयोगशाळेत पाठवलेले क्यूब वेगळ्याच मालाचे असू शकतात.

बॉक्सचं गणित लहान दिसतं, पण तक्रार सर्वात लवकर तिथूनच येते. दर ठरवताना नगाला दीड-दोन रुपयांसाठी घासाघीस होते, पुरवठादार कागदाचं वजन उतरवतो, आणि ओलाव्यात खालचा बॉक्स बसतो. नऊ थरांची रास, भरलेला बॉक्स १४.५ किलो धरला, तर सर्वात खालच्यावर ११६ किलो येतात. ९० टक्क्यांच्या आर्द्रतेत आणि दिवसेंदिवसच्या भाराखाली पुठ्ठा निम्म्याहून अधिक ताकद गमावू शकतो, म्हणून कोरड्या चाचणीत त्याच्या तीन ते चार पट, म्हणजे ३५० ते ४६० किलो दाबशक्ती मागा. ‘पाच प्लाय’ (कागदाचे पाच थर) असं नुसतं लिहून काही कळत नाही. बाजूची भोकं सुमारे ५ टक्के क्षेत्रफळाची आणि एकावर एक ठेवल्यावर एका रेषेत यायला हवीत, नाहीतर प्री-कूलिंगचा झोत आत शिरतच नाही आणि दोष कूलिंगवाल्याच्या माथी जातो. भोकं वाढवली की ताकद कमी होते. म्हणून कूलिंगचा ठेकेदार आणि बॉक्सचा पुरवठादार यांना वर्णनपत्र पक्कं करण्याआधी एकदा समोरासमोर बसवा. प्रत्येक लॉटमधून २० बॉक्स तोला, सरासरी लिहून ठेवा. वजन घसरायला लागलं की ते सर्वात आधी इथे कळतं. एकालाच सगळी ऑर्डर न देता ६० आणि ४० अशी दोघांत वाटा आणि दर तीन महिन्यांनी, नाकारलेले लॉट आणि उशिराचे दिवस बघून, वाटा बदला.

नव्या माणसाकडे दाखवायला जुनी कामं नसतात. त्यामुळे गावातल्या, नुकतंच काम सुरू केलेल्या मुलांना ही पद्धत बाहेर ठेवते, हा आक्षेप खरा आहे. त्यांच्यासाठी कुंपणाची भिंत, ऑफिसची खोली, पाण्याची टाकी अशी कामं वेगळी काढा, फक्त दरावर द्या, आणि त्यांची नोंद ठेवायला सुरुवात करा. पुढच्या वर्षी तीच नोंद त्यांची पात्रता होते. कोणा संचालकाचा नातेवाईक स्पर्धेत असेल, तर त्या संचालकाने ते लेखी सांगायचं, गुण द्यायचे नाहीत आणि निर्णयाच्या वेळी उठून बाहेर जायचं. इतिवृत्तात हे उठून जाणं वेळेसह लिहा.

चांगला ठेकेदार तुम्हालाही तोलत असतो. उशिरा पैसे देणाऱ्याला तो दर चढवूनच देतो, किंवा येतच नाही. बॉक्सचा पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर २००६ च्या कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांच्या वर पैसे थांबवता येत नाहीत. बांधकामात चालू बिलातून ५ टक्के राखून ठेवा, त्यातली अर्धी रक्कम काम पूर्ण झाल्यावर आणि अर्धी दोषदायित्वाचा काळ (दोष निघाले तर ठेकेदाराने दुरुस्त करायची मुदत) संपल्यावर सोडा. पण मोजमाप झाल्यापासून १५ दिवसांत बाकीचं बिल निघालंच पाहिजे. तुमच्याकडून झालेला उशीरही त्याच नोंदवहीत लिहा, नाहीतर ठेकेदाराला लावलेला दंड टिकणार नाही.

ही नोंदवही म्हणजे प्रत्येक बिलासोबत एक पान. ठरलेली तारीख आणि झालेली तारीख, चाचण्यांचे आकडे, पुन्हा करावं लागलेलं काम, तक्रार आणि प्रतिसाद यांमधले तास, मजुरांच्या सुरक्षिततेत काही चूक. ठेकेदाराला दाखवून त्याची सही घ्या, पटत नसेल तर त्याचं म्हणणं त्याच पानावर लिहू द्या. ऑडिटला आणि सभेला ठेवायची फाईल यातूनच तयार होते: वर्णनपत्र, पाकिटं उघडण्याआधीचा वजनांचा ठराव, भेटीतले सगळे गुणकागद, बाबवार दरांचा तुलनात्मक तक्ता, विजेसह एकूण खर्चाचा हिशेब आणि निर्णयाचं इतिवृत्त. ऑडिटर ‘सर्वात कमी दर का नाही घेतला’ एवढंच विचारणार नाही. ‘आधी ठरवलेल्या पद्धतीने घेतला का’ हे विचारेल.

पुढच्या उन्हाळ्यात खोल्या चालवायच्या असतील, तर तारखा अशा धरा. जूनमध्ये खड्डे घेऊन मातीची खोली मोजा आणि वर्णनपत्र पक्कं करा. जुलैमध्ये वजनांचा ठराव, मग दोन पाकिटांत मागणी. ऑगस्टभर जुन्या कामांच्या भेटी, पाऊस चालू असतानाच. सप्टेंबरमध्ये दराची पाकिटं आणि निर्णय, दसऱ्याच्या सुमाराला कार्यादेश. पाया आणि शेड डिसेंबरअखेर, पॅनेल आणि यंत्रं फेब्रुवारीअखेर, मार्चमध्ये रिकाम्या खोलीची २४ तासांची चाचणी, आणि मे महिन्यात दुपारी, १० टन केळी आत ठेवून, प्रोब हातात घेऊन शेवटची.